विहीणबाईंची खालच्या बर्थची अट

नागापूर, एमआयडीसीजवळ, नगर
रविवार, २४ जानेवारी १९९९

चांगुणाबाई,

अट घालायची होती तर तोंडावर घालायची, पोस्टकार्डावर कशाला? आमच्याकडे पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग कोपऱ्यावरचा किराणावाला वाचतो (पोस्टमन त्याच्याच दुकानात टाकून जातो), मग माझ्या खानावळीत जेवायला येणारे सगळे कामगार वाचतात, आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या हातात येईपर्यंत अख्ख्या नागापुराला माहीत झालं होतं की भागिरथीच्या विहिणीने लिहिलंय, सुनेला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायचं असेल तर रेल्वेचं रिझर्वेशन पाहिजे, तेही खालच्या बर्थचं, तिकीट आधी डोळ्यांनी बघीन, नाहीतर बाळंतपण इकडे आमच्या नागपुरातच होईल. एक वेल्डर तर ताट पुढे करून मला म्हणाला, "मावशी, खालचा बर्थ घावला का?" मी त्याला रस्सा कमी वाढला. त्याची चूक नव्हती, चूक तुमची होती, पण तुम्ही समोर नव्हता. आणि मी काय माझ्या पोरीला उसाच्या ट्रकवर बसवून आणणार होते? एसटीने आणीन असं मी म्हणाले होते, ते खरं आहे. पण एसटीतसुद्धा मी तिला पुढची सीट दिली असती आणि ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला नावानिशी हाक मारली असती.

एवढं लिहून झाल्यावर ध्यानात आलं की जयभीम घालायचा राहिला. तर सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत, तुमचा खोकला कसा आहे ते लिहा, जावईबापू नितीनराव डबल ड्यूटी करतात असं ऐकलं तर त्यांना सांगा की पैसे मिळतात पण पाठ एकच असते. यशोधराचे पाय सुजतात का ते तुम्ही लिहा. ती स्वतः लिहीत नाही, "मी मजेत आहे" एवढंच लिहिते, आणि मजेत असलेलं माणूस एवढं थोडं लिहीत नसतं. आमचे हे, म्हणजे कारभारी, बरे आहेत. कंपनीच्या गेटवर बसतात, घरी येऊनही बसतात. (तुम्ही मागच्या वेळी माझ्या हाय-न्हाईला हसला होता म्हणून पत्रात मी आहे-नाही लिहितेय. चौथीपर्यंत शिकलेय, लिहिता येतं. तुमचं ते "काऊन बाप्पा" मी ऐकून घेतलंच की.)

आता मुद्द्याचं. माझी पोर एकच. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरात व्हायचं म्हणजे व्हायचं, त्यासाठी मी मागच्या खोलीतले पिठाचे डबे काढून बाहेर पडवीत मांडलेत, खोलीला चुना दिलाय, खिडकीला जाळी मारलीय. एवढं केल्यावर एका बर्थासाठी मी मागे हटणार आहे असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्ही मला ओळखलं नाही. मी मिरची घेताना तीन दुकानं विचारते, ज्वारी घेताना तीन आडती हिंडते, तर तिकिटाला एकाच ठिकाणी का विचारू? मी ठरवलं, तीन ठिकाणी बघायचं, कोण किती कमिशन खातो ते समजून घ्यायचं, आणि मग स्वस्त-मस्त असेल ते घ्यायचं. यात माझं एक चुकलं ते आधीच सांगून टाकते. मिरचीवाल्याला भाव विचारून पुढे गेलं तर तो शिव्या देतो, पण मिरची मोजून पिशवीत टाकत नाही. हे तिकीटवाले लोक मात्र नुसतं विचारलं की अनामत मागतात, आणि अनामत दिली की तिकीट काढूनच ठेवतात. मी तिघांकडे भाव केला आणि तिघांनीही माल मोजला.

पहिला बन्सी. स्टेशनरोडला त्याचं ऑफिस आहे, ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि मागे ताजमहालाचं चित्र. (रेल्वेचं तिकीट काढणाऱ्याने ताजमहाल कशाला लावायचा, पण असो.) त्याने वहीत न बघता धडाधड सांगितलं, एका बर्थामागे तीस रुपये कमिशन, खालच्या बर्थाचे दहा वेगळे, लवकर पाहिजे तर अजून दहा. मी म्हणाले खालच्याचे दहा वेगळे कशाचे? तर म्हणाला, "मावशी, खालच्याला मागणी हाय." मी म्हणाले तुझा पंखा पण खालीच आहे, त्याला काही मागणी दिसत नाही. शेवटी वीसवर आणला आणि खालच्याचे दहा उडवले. चार दिवसांनी तिकीट हातात दिलं. दोन बर्थ, अठरा फेब्रुवारी, नागपूर ते नगर, त्यातला एक खालचा. मी खूश झाले. घरी येऊन कारभाऱ्यांना वाचायला दिलं तर ते चष्मा पुसायला लागले. तिकिटावर भागिरथी नाही, यशोधराही नाही. एक ज्ञानेश्वरी, वय चोवीस. दुसरी माधुरी, वय एकसष्ट.

तशीच परत गेले. बन्सी म्हणतो, नाव काय बघताय, बर्थ बघा, आमी असेच आधी काढून ठेवतो, ज्याला लागेल त्याला देतो, गाडीत कोन विचारतंय. आता खरं सांगते, मी एक दिवस विचार केला. तुमच्या पोस्टकार्डात खालचा बर्थ पाहिजे असं होतं, नाव कुणाचं पाहिजे ते नव्हतं. म्हणून घरी सराव केला. कारभारी दारातून हाक मारायचे, "अवो ज्ञानेश्वरीबाई, भाकरी झाली का?" आणि मी ओ द्यायची. मला काही ते जमेना, पण त्यांना लई जमलं. चोवीस वर्षांची बायको मिळाली म्हणून त्यांनी मधल्या वारी दाढी केली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्ञानेश्वरी मी झाले तर एकसष्टची माधुरी कोण? यशोधरा. सातव्या महिन्यातली. (उलटं करून एकसष्टची मी व्हायला तयार नव्हते, ते विचारू नका.) टीसी येणार, कागदावर एकसष्ट बघणार, मग पोट बघणार, आणि तो डबाच काय, अख्खी गाडी थांबवून लोकांना बोलावून दाखवणार. मी तिकीट उचललं आणि बन्सीच्या ऑफिसात जाऊन बसले. भांडले नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फक्त विचारत राहिले, "तुमचं नाव काय वो? आन् तिकिटावर काय हाय?" दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली. मग त्याने पैसे टेबलावर आपटले. कमिशनातले दहा ठेवून घेतले, म्हणाला तुम्ही पंख्याखाली बसला त्याचे. मी सोडून दिले, कारण पंखा खरंच चांगला होता.

दुसरा छगन. हा माझ्याकडेच जेवतो, लेथवर काम करतो, जेवताना बोलतो लई. बन्सीची गोष्ट ऐकून तो छाती पुढे काढून म्हणाला, "मावशी, कमिशनवाल्यांकडं जायाचंच कशाला? माझा मेहुना रेल्वेत हाय दौंडला. एक पैसा कमिशन न्हाई." कमिशन नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. मग मी त्याला तिसरी भाकरी न मागता वाढायला लागले. जो माणूस आपलं काम फुकट करतो त्याला दोन भाकरीत कसं उठवायचं? चौथी भाकरी त्याने मागून घेतली. रविवारी मटणाची वाटी एक झाली तर दुसरीही झाली. शेजारचे लोक बघायला लागले, तर छगन त्यांना सांगायचा, मावशीचं रेल्वेचं काम बघतोय. एक फिटर तर म्हणाला, मावशी माझा चुलता विमानात हाय, मला पण वाढा. तिकीट येईपर्यंत छगनची विजार कमरेला बसेनाशी झाली.

तिकीट मात्र खरंच आलं, आणि नावंसुद्धा खरी आली. भागिरथी आणि यशोधरा, आमची दोघींची. मी छगनला शाबासकी दिली, पाचवी भाकरी दिली, आणि मग कारभाऱ्यांनी चष्मा पुसला. तिकीट नगर ते नागपूर होतं. पंधरा तारखेचं. म्हणजे माझ्या पोरीला मी नगराहून उचलून नागपूरला बाळंतपणाला घेऊन चालले होते, तुमच्या दारात सोडायला! छगनला बोलावलं. म्हणाला, "मावशी, तुमीच म्हनला का पंधराला जायाचं हाय, अठराला यायाचं हाय. मी सुरवातीचं ध्यानात ठिवलं." तेही खरं, मी त्याला सगळी हकिगत सांगितली होती, तुमच्या पोस्टकार्डापासून. पण तो भाकरी चावत ऐकत होता, तोंड चाललं की कान बंद होतात काही माणसांचे. मेहुण्याचं विचारलं तर कळलं की मेहुणा रेल्वेत आहे म्हणजे गाडीत पेरू विकतो. त्याने बिचाऱ्याने पाटी खाली ठेवून दौंडच्या रांगेत उभं राहून तिकीट काढलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. तर झालं काय, माझं जायचं तिकीट आपोआप मिळालं. यशोधराचं राहिलं जास्तीचं. कारभारी म्हणाले, मी येतो त्यावर. मी म्हणाले, मिशा काढा मग. त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग ते जास्तीचं तिकीट रद्द केलं, थोडे पैसे कापले, बाकीचे मिळाले.

शेवटी मी स्वतः उठले. मधल्या माणसाला कमिशन द्या नाहीतर मटण द्या, त्यापेक्षा नगर स्टेशनच्या खिडकीवर आपण जाऊन उभं राहावं. आता तिथं कॉम्प्युटर आहे, नगरात बसून नागपूरचा बर्थ मिळतो असं ऐकलं होतं. बायकांची रांग वेगळी आहे हे कळल्यावर मी खुशीत गेले, तर नगरातल्या सगळ्या पुरुषांनी आपापल्या बायका पाठवलेल्या. पुरुषांच्या रांगेत चार माणसं आणि बायकांची रांग पार वजनकाट्यापर्यंत. तिथं एक फॉर्म भरायचा असतो, त्यात वय लिहायचं असतं. माझं वय मला कुणी सांगितलेलं नाही. मागे उभी असलेली बाई म्हणाली पंचेचाळीस लिहा, बरं दिसतं. लिहिलं. मग माझा नंबर आल्यावर खिडकीतला माणूस म्हणाला की बर्थ आहेत, पण खालचाच मिळेल असं सांगता येणार नाही, कॉम्प्युटर देईल तो घ्यायचा. मी म्हणाले कॉम्प्युटरला विहीण नसेल, मला आहे. असं म्हणून मी पिशवीतून तुमचं पोस्टकार्ड काढलं आणि आत सरकवलं. (होय, दाखवलं. अख्ख्या नागापुराने वाचलं, त्याने वाचलं तर काय बिघडलं?) त्याने पूर्ण वाचलं. शेजारच्या खिडकीवाल्यालाही दिलं. मग मान हलवून म्हणाला, "विहीण कडक दिसतेय मावशी." मी म्हणाले तुम्ही बोर्ड दाबा. त्याने दाबला, परत काहीतरी दाबलं, आणि घरघर करत तिकीट बाहेर आलं. अठरा तारीख. नागपूर ते नगर. नावं आमची, वय जवळपास आमचं, आणि खालचा बर्थ. मागच्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी निवडून आले.

आता हिशेब तुम्हीच करा, तुम्हाला असल्या तुलना आवडतात. बन्सीचं कमिशन डोळ्यांना दिसलं. छगनचं दिसलं नाही, पण त्या भाकऱ्या आणि मटण मी विकलं असतं तर बन्सीकडून चार वेळा तिकीट निघालं असतं. आणि खिडकीचं कमिशन काहीच नाही, पण त्या दिवशी खानावळ कारभाऱ्यांवर सोडून गेले होते. त्यांनी डाळीत मीठ दोनदा घातलं आणि भाकरी एकदाही फुगवली नाही. दोन गिऱ्हाइकं समोरच्या खानावळीत गेली ती अजून आली नाहीत. तेव्हा पैशाने बघितलं तर खिडकी सगळ्यात महाग. तरीपण मी छातीवर हात ठेवून सांगते की खिडकीच चांगली, कारण तिथं ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस समोर बसलेला असतो. इथं कंपनीत नवीन लागलेला एक पोरगा सांगत होता की पुढं लोक घरी बसून कॉम्प्युटरवर तिकीट काढतील, रांग नाही काही नाही. मी म्हणाले मग पोस्टकार्ड कुणाला दाखवायचं?

तर अट पुरी झाली आहे. मी सोळा तारखेला तुमच्या दारात येते, तिकीट तुमच्या हातात देते, उजेडात धरून बघा, शेजारणीला दाखवा, वाटलं तर चावून बघा. अठराला पोरगी माझ्याबरोबर निघाली पाहिजे. तिची बॅग तयार ठेवा. स्वेटर वर ठेवा, खाली नको. रेल्वेत रात्री गार लागतं असं छगन म्हणतो, आणि बाकी कशात नाही तरी गार लागण्यात त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. घरातल्या सगळ्यांना जयभीम.

तुमची विहीण,
भागिरथी

ता.क. बरोबर काही बांधून देऊ नका. संत्री दिलीत तर घेईन, पण मागितली असं म्हणू नका.

ता.क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली, राहिली म्हणजे मी ठेवली. खिडकीवरचं ते तिकीट दोघींचं नाही, तिघींचं आहे. तिसरं नाव चांगुणा, वय बावन्न. (वय यशोधराच्या एका जुन्या पत्रातून घेतलं, जास्त लागलं असेल तर तिच्याशी भांडा.) खालचे बर्थ दोन मिळाले, एक यशोधराला आणि एक तुम्हाला. वर मी चढते, कशी चढते ते माझं मी बघीन. तुम्ही दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत आयाचं काम केलंय, किती पोरं तुमच्या हातात रडली असतील त्याची तुम्हालाच गणती नसेल. मी पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटी उचलते, पण बाळंतपण मी आजपर्यंत एकच बघितलंय, ते माझं स्वतःचं, आणि तेव्हा माझे डोळे घट्ट मिटलेले होते. खोलीला चुना दिला, जाळी मारली, आणि संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले तर पोरीला कळा लागल्यावर पहिल्यांदा काय हातात घ्यायचं तेच मला सुचेना. हे कारभाऱ्यांना माहीत नाही, त्यांना सांगायचं नाही. खानावळीतही सांगायचं नाही. म्हणून तर हे पत्र बंद पाकिटात घालतेय, पोस्टकार्डावर नाही.

सुनेच्या माहेरी सासू बाळंतपणाला येत नाही, ही रीत मलाही माहीत आहे. पण रीत एवढीच की पोरीने माहेरी यायचं. सासूने येऊच नये असं मला कुणी कधी बजावल्याचं आठवत नाही, आणि बजावलं असेल तर मी ऐकलं नसेल. लोक बोलतील ते बोलतील. माझ्या घरात माझ्या पोरीच्या उशाला तुम्ही बसलात तर माझं नाक जात नाही, आणि गेलं तरी चालेल, पोरगी राहिली पाहिजे. तुम्ही म्हणाल नितीनरावांच्या जेवणाचं काय. दोन-अडीच महिने खानावळीत जेवतील. खानावळीचं जेवण वाईट नसतं, हे मी सांगते.

ता.क. तिसरा. येणार की नाही ते सहा तारखेच्या शनिवारपर्यंत कळवा, रमाई जयंतीच्या आदल्या दिवशी. किराणावाल्याकडे फोन आहे, नंबर यशोधराकडे आहे. नुसतं हो म्हणा आणि ठेवून द्या, तो ऐकत असतो. शनिवारपर्यंत फोन आला नाही तर सोमवारी मला परत त्या बायकांच्या रांगेत उभं राहून तुमचा बर्थ रद्द करावा लागेल, कारण उशीर केला की जास्त कापतात. आणि खिडकीतला माणूस मला ओळखतो, तो विचारेल विहीण का नाही येत, तेव्हा मी त्याला काय सांगायचं, तेही शनिवारपर्यंतच कळवा.